शेंडा, बुडखा आणि मी

मित्रांनो, मी दोर आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, माझ्याकडे एकदा पाहिलंत की कळेल. एके काळी मी पांढरा होतो आणि माझ्या अंगावरून एक निळा धागा वळणं घेत जात असे. आता पांढऱ्याचं राखाडी झालं आहे, आणि निळा नेमका कुठे होता ते मलाच शोधावं लागतं. सध्या माझा मुक्काम एका लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, हिवाळी कपड्यांच्या मागे आहे. पूर्वी मी एक होतो. आता माझे दोन तुकडे आहेत. ते कसे झाले, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. आत बारीक धाग्यांचा गाभा आणि त्याच्यावर घट्ट विणलेली साल, असं माझं शरीर. वजन पेलायचं काम गाभ्याचं, आणि गाभ्याला जपायचं काम सालीचं. लोकांना दिसते ती फक्त साल.

कारखान्यातून मी एका दुकानात आलो. तिथे खिळे, कंदील, बूट, डांबर आणि दोर एकाच छपराखाली मिळत. बरेच दिवस मी वरच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. मग एका सकाळी एक जोडपं आलं. पुरुष वाटाड्या होता. त्यांच्या घरामागे बर्फाचा डोंगर होता आणि त्या डोंगरात एक खिंड होती. पलीकडच्या खोऱ्यात जायचं तर दुसरी वाट नव्हती. वाटाड्या लोकांना खिंडीपार पोचवायचा. सगळे एकाच दोराला कमरेने बांधलेले, एकामागून एक. सर्वांत पुढे तो, सर्वांत मागे त्याची बायको, आणि मधे गिऱ्हाइकं. म्हणून सगळे त्या दोघांना शेंडा आणि बुडखा म्हणत. ज्या गोष्टीचा पत्ता लागत नाही तिला आपण शेंडा ना बुडखा म्हणतो. या घरात दोन्ही होते आणि दोन्ही जागच्या जागी होते.

"पुन्हा दोर?" दुकानदार हसला. "एकाच बायकोशी किती वेळा गाठ बांधणार, शेंडेराव?"

"आधीची झिजली," बायको म्हणाली. "कुणी झिजवली ते विचारू नका."

तिने मला हातात घेतलं, डोळे मिटले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मला चिमटीतून सरकवत नेलं. दुकानदार कंटाळला, वाटाड्या दारात जाऊन उभा राहिला, तरी तिची घाई नव्हती. "कुठे मऊ लागतंय का बघते," ती म्हणाली. "वरून दोर धडच दिसतो. आत तुटला असेल तर ते बोटालाच कळतं." मी कुठेच मऊ लागलो नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

घरी आल्यावर मी पाहिलं, माझ्याआधीच्या दोराचे तुकडे केलेले होते. ती त्या घरची रीतच होती. दोर म्हातारा झाला की त्याच दिवशी तो कापायचा. कारण म्हातारा दोरही खुंटीवर रुबाबदार दिसतो, आणि घाईच्या वेळी कुणीतरी नेमका तोच उचलतो. एका तुकड्याने सरपण बांधलेलं होतं, एक तुकडा दाराला मूठ म्हणून लावला होता, आणि सर्वांत लांब तुकड्याचा त्यांच्या लेकीला झोका केला होता.

मग माझं काम सुरू झालं. खिंडीत वारा असा असतो की शेजारच्या माणसाचा शब्दही कानापर्यंत पोचत नाही. तिथे बोलायचं ते माझ्यामार्फत. एक हिसका म्हणजे थांब. दोन हिसके म्हणजे ये. तीन म्हणजे संकट आहे, माझ्याकडे परत फिर. दोन हिसके आले की कुठे, कशाला, असं विचारायचं नाही. उठायचं आणि निघायचं. बायकोने हा नियम इतका अंगी बाणवला होता की घरी झोपेत पांघरूण दोनदा ओढलं गेलं तरी ती उठून बसे. वाटाड्याने गंमत म्हणून दोन-तीनदा ते करून पाहिलं, आणि त्या सकाळी त्याला चहा मिळाला नाही.

आणखी एक गंमत सांगतो. घरात ती नवऱ्याला अहो-जाहो करायची. "अहो, लाकडं आणता का? अहो, ऐकताय ना?" पण कमरेला मला बांधलं की तिची भाषाच बदले. "थांब! ढील दे! ओढ की, मेल्या!" एका गिऱ्हाइकाला हे फार खटकलं. त्याने पलीकडे पोचल्यावर तिला तसं विचारलं. ती म्हणाली, "खिंडीत अहो म्हणेपर्यंत माणूस दरीत जातो."

लेक मोठी व्हायला लागली तशी तिलाही ते बरोबर नेऊ लागले. तिची जागा मधे. ती कुरकुरायची, "मीच का मधे?"

"मधल्याला दोन्हीकडून ओढतात," वाटाड्या म्हणायचा. "फुकट प्रवास आहे तुझा."

मित्रांनो, त्या दोघांचं आणि डोंगराचं नातं काय होतं हे मला नीट सांगता यायचं नाही. डोंगर सुंदर आहे असं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. आपण घरातल्या माणसाला रोज कुठे सुंदर म्हणतो? सकाळी दार उघडून बायको वर बघायची आणि म्हणायची, "आज तोंड फुगवलंय." वाटाड्या म्हणायचा, "तुझ्यावर गेलाय." ढग उतरले की म्हणायची, "झोपला, झोपू दे," आणि त्या दिवशी कुणी कितीही आर्जवं केली तरी ते निघत नसत. वाटेवरच्या प्रत्येक वळणाला त्यांची स्वतःची नावं होती. धापवळण, रडकी पायरी, आजोबाचं नाक. खिंडीच्या थोडं खाली कड्याला चिकटून एक अरुंद वाट होती, तिला ते फळी म्हणत. फळी ओलांडताना सगळे गप्प. अगदी लेकसुद्धा.

एकदा त्या फळीवरच मधे बांधलेल्या एका पोस्टमनच्या पायाखालचा बर्फ सुटला आणि तो पत्रांच्या पिशवीसकट खाली गेला. माझ्यावर एवढा भार त्याआधी कधी आला नव्हता. मागे बायकोने स्वतःला जमिनीवर झोकून दिलं, टाचा बर्फात रोवल्या आणि मला धरून ठेवलं. पुढून वाटाड्याने ओढलं. पोस्टमन वर आला, पिशवीही आली. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. मध्यभागी वाटाड्या, त्याच्या खांद्यावर वेटोळं केलेला मी. फोटोच्या कडेला कुणाचा तरी कोपर दिसत होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती तो फोटो दाखवायची. "हा कोपर कुणाचा, ओळखा!" असं म्हणून स्वतःच खो खो हसायची.

अशी वर्षं गेली. लेक शिकायला शहरात गेली आणि तिथेच चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. मग डोंगराला बोगदा पाडला गेला. ज्या वाटेला पहाटेपासून संध्याकाळ लागायची, ती मोटारीने चहा थंड व्हायच्या आत संपू लागली. सुरुवातीला वाटाड्या मला खांद्यावर टाकून बोगद्याच्या तोंडाशी उभा राहायचा. "वरून नेतो. डोंगर दाखवतो." गाडीवाले काच खाली करून ऐकून घ्यायचे, हसायचे, काच वर करायचे. एक दिवस बायको येऊन त्याला घरी घेऊन गेली. त्याने मला खुंटीवर टांगलं. रीतीप्रमाणे त्या दिवशी मला कापायला हवं होतं. सुरी काढलीही होती. "राहू द्या," ती म्हणाली. "याच्यानंतर नवा कुठे आणायचाय?"

पुढे रोपवेसाठी तिथली जागा गेली आणि घरही गेलं. लेकीने दोघांना शहरात आपल्याकडे आणलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. गॅलरीतून समोरच्यांची गॅलरी दिसे. डोंगर बघायचा तर गच्चीवर जायचं, आणि पाण्याच्या टाकीला वळसा घालून पलीकडच्या कठड्याशी उभं राहायचं. तिथून तो नखाएवढा दिसे. दोघं रोज संध्याकाळी जात. "आज तोंड फुगवलंय," ती म्हणायची. इतक्या लांबून तिला काय दिसत होतं कोण जाणे.

मग वाटाड्या विसरू लागला. आधी शेजाऱ्यांची नावं, मग लिफ्टचं बटण. मग एका सकाळी तो बायकोला म्हणाला, "बाई, तुम्ही कुठल्या? एकट्याच निघालात का?"

ती चहा गाळत होती. ती म्हणाली, "नाही. सोबत आहे."

त्यानंतर तो घराबाहेर पडू लागला. त्याला घरी जायचं असे. पहिल्यांदा त्याला कोपऱ्यावरच्या फळवाल्याने परत आणलं, दुसऱ्यांदा पोलिसांनी. डॉक्टर म्हणाले, दाराला कुलूप लावा. लेकीने एक संस्था पाहून ठेवली. अशाच माणसांसाठी होती, स्वच्छ होती, मागे बाग होती. लेक कामाला गेली की घरात म्हातारी माणसं दोनच, तिला दुसरा इलाज नव्हता.

"मलाही ठेवतील का तिथे?" आईने विचारलं.

"तिथे पेशंटच घेतात, आई. तू आठवड्यातून एकदा भेटायला जायचं."

"आठवड्यातून एकदा त्यांना मी कोण आठवणार?"

लेकीने दाराची कडी तपासली. ती म्हणाली, "आणखी एकदा बाहेर गेले तर मात्र ठेवावंच लागेल. पुढच्या वेळी गाडीखाली येतील."

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेल्यावर बायकोने मला खुंटीवरून काढलं. माझं एक टोक तिने नवऱ्याच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या. तिला वाटलं होतं तो चिडेल. त्याने फक्त कमरेशी हात नेला, गाठ चाचपली, मग मान वळवून मागे पाहिलं.

"घट्ट आहे का गं तुझी?" त्याने विचारलं.

कित्येक महिन्यांनी त्याने तिला अगं-तुगं केलं होतं. मी तिच्या कमरेला होतो. तिने माझी गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "चल तू."

तेव्हापासून माझं काम पुन्हा सुरू झालं. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत, स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्याशी तो थांबायचा, तिला वळू द्यायचा, मगच पुढे जायचा. दोर सोडला की ती पुन्हा बाई व्हायची. म्हणून ती मला सोडायचीच नाही. दुपारी झोपतानासुद्धा नाही.

लेकीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दारातच थबकली. "आई, हे काय? गुरासारखं बांधून ठेवलंस बाबांना?"

"दोन्ही टोकं बांधली आहेत," आई म्हणाली. "नीट बघ."

तेवढ्यात वाटाड्याने लेकीकडे पाहून हाताने इशारा केला. मधे ये, म्हणून. लेक बूटही न काढता दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि तिघं स्वयंपाकघरापर्यंत गेली. त्या घरात मी पाहिलेला हाच एक आनंद.

लोकांनी आमचं कौतुक केलं. समोरच्या वहिनी लेकीला म्हणायच्या, "तुझी आई खंबीर आहे म्हणून बरं. नाहीतर तुझं काही खरं नव्हतं." डॉक्टर म्हणाले, आई असेपर्यंत काळजी नाही. लेकही तेच म्हणू लागली. पण मित्रांनो, मला बायकोच्या छातीतली धडधड ऐकू येत होती. जिन्याच्या मधल्या वळणावर ती हळूच एक हिसका द्यायची. वाटाड्या थांबायचा. ती कठड्याला टेकून उभी राहायची आणि मग पुन्हा निघायची. तिचे पाय सुजत होते. बुटाच्या नाड्या ती सैल करून बांधायची. लेक रोज सकाळी डबा भरताना विचारायची, "आई, बरं आहे ना?" आई म्हणायची, "मी ठीक आहे. तू जा, उशीर होईल." आणि लेक जायची.

मग ती दुपार आली. हिवाळा सरत आला होता. दोघं झोपली होती. वाटाड्या उठला, त्याने बूट घातले आणि दारापर्यंत गेला. दाराला कुलूप होतं, किल्ली बायकोच्या स्वेटरच्या खिशात. त्याने दार हलवून पाहिलं. मग त्याने मला हातात घेतलं आणि दोन हिसके दिले.

ती उठली. डोळे पुरते उघडले नव्हते, तरी ती उठली आणि चालत दारापर्यंत आली. तिथे मात्र ती जागी झाली. मी सांगतो ते खरं माना, कारण मी तिच्या अंगाला होतो. ती पूर्ण जागी होती. तिने कुलपाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"चल गं," तो म्हणाला. "उजेड आहे तोवर फळी ओलांडू."

"थांब," ती म्हणाली. "बूट घालते."

तिने बूट घातले, नाड्या सैल बांधल्या, कोट घेतला आणि किल्ली काढून दार उघडलं.

रस्त्यात लोक वळून बघत होते. फळवाल्याने हाक मारली, "काका, काकू! गाठ सोडायची राहिली का?"

"इतकी वर्षं राहिलीये," ती म्हणाली. "आज कुठे सोडू?"

बसमध्ये कंडक्टर आमच्याकडे बघून म्हणाला, "एकच तिकीट देऊ का दोघांत?"

"एक माणसाचं दे, एक सामानाचं," ती म्हणाली. "सामान मी." सगळी बस हसली. वाटाड्याही हसला. कशाला ते त्याला माहीत नव्हतं. तो खिडकीतून बघत होता. डोंगर नखाएवढा होता तो मुठीएवढा झाला, मग खिडकीत मावेना.

शेवटच्या थांब्यावर रोपवेच्या इमारतीची भिंत आणि गाड्या लावायची जागा होती. त्यांचं घर कुठे होतं ते मलाही ओळखता आलं नाही. वाटाड्या मात्र एकदाही अडखळला नाही. भिंतीच्या कडेने तो मागे गेला आणि झुडपांत बुजलेल्या जुन्या वाटेला लागला. ज्याला लिफ्टचं बटण सापडत नव्हतं तो माणूस धापवळणाला बरोबर वळला, रडक्या पायरीवर डावा पाय आधी टाकला. मागे वळून म्हणाला, "ढील देऊ?"

"दे," ती म्हणाली. एवढंच तिला बोलता आलं.

फळीशी पोचेपर्यंत ऊन गेलं होतं आणि गारांसारखा पाऊस सुरू झाला होता. तो फळी ओलांडून पलीकडे गेला, खडकाच्या आडोशाला बसला, पाठ टेकवली, मला पाठीमागून घेतलं आणि दोन हिसके दिले. ती फळीच्या अलीकडे उभी होती. तिने एक पाऊल टाकलं. मग तिने एक हिसका दिला आणि ती खाली बसली.

वर तो थांबला. थांब म्हटलं की थांबायचं. तोच तर नियम.

बऱ्याच वेळाने तिची मूठ माझ्यावर पुन्हा आवळली. मला वाटलं, आता तीन. तीन हिसके मिळाले असते तर तो परत आला असता. पण फळी ओली होती, तो म्हातारा होता, आणि तो घसरला असता तर त्याला धरायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. तिच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार? तिने मूठ आवळली, तशीच धरली आणि हळूहळू सैल सोडली.

पुढचं मी सांगणार नाही.

लेक घरी आली तेव्हा किल्ली दाराला होती. फळवाल्याने सांगितलं, कंडक्टरने सांगितलं, आणि उजाडताना शोधायला निघालेली माणसं फळीपर्यंत पोचली. लेक त्यांच्या मागे होती. वाटाड्या होता तसाच बसलेला होता, पाठ खडकाला, मी त्याच्या दोन्ही मुठींत ताणलेला. त्याचे ओठ निळे पडले होते. माणसं त्याच्याजवळ गेली तेव्हा त्याने डोळ्यांनीच त्यांना दटावलं.

"हळू," तो म्हणाला. "खाली माझं माणूस आहे."

त्यांनी त्याला मला सोडायला सांगितलं. त्याने सोडलं नाही. पुढे चालणारा कधी सोडत नाही. शेवटी त्यांना मला मधोमध कापावं लागलं. दोर एकदम ढिला पडला तेव्हा तो जे ओरडला, ते लेकीने ऐकलं.

नंतर घरी माणसं भेटायला आली. सगळ्यांनी एकच सांगितलं, की किती भाग्याचं मरण, नवऱ्याबरोबर, आपल्या डोंगरावर. समोरच्या वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांना डोंगराने बोलावून घेतलं." लेक सगळ्यांना पाणी देत होती. तिने मान हलवली नाही आणि कुणाचं म्हणणं खोडूनही काढलं नाही. मित्रांनो, मी तिथे होतो. डोंगराने कुणाला बोलावलं नाही. तो त्या दिवशीही होता तसाच होता. तिला थंडी वाजत होती आणि तिच्या छातीत दुखत होतं, एवढंच तिथे घडलं.

वाटाड्याला संस्थेत ठेवलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. लेक दर रविवारी जाते. एकदा तिने मला पिशवीत घालून नेलं. दारावरच्या सेविकेने पिशवी उघडून पाहिली.

"ताई, दोर आत नाही चालणार. नियम आहे."

"त्यांचा आहे," लेक म्हणाली. "फक्त हातात देते. लगेच परत घेते."

"पडद्याच्या दोऱ्यासुद्धा काढून टाकल्यात आम्ही त्यांच्या खोलीतल्या," सेविका म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. तिने लेकीला आत सोडलं, पण पिशवीची गाठ उघडायची नाही, असं बजावून.

म्हणून मी पिशवीतूनच ऐकलं, आणि जाळीच्या कापडातून थोडंफार पाहिलं. वाटाड्या खिडकीशी खुर्चीत बसला होता. खिडकीतून संस्थेची बाग दिसत होती आणि बागेमागे भिंत. त्याचे हात चालू होते. उजवा पुढे, डावा पुढे, उजवा पुढे. वर पोचलेला माणूस मागच्याला चढवून घेताना दोर असा हळूहळू ओढून घेत असतो, म्हणजे मागचा घसरला तरी फार खाली जात नाही. त्याच्या हातांत काहीच नव्हतं. सेविका म्हणाली, "दिवसभर हेच. जेवण भरवायलासुद्धा हात धरून ठेवावे लागतात."

लेक त्याच्या पुढ्यात जमिनीवर बसली. थोडा वेळ ती त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "आले मी, बाबा," ती म्हणाली. "पोचले वर."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याने तिला ओळखलं, हे मला आवाजावरून कळलं.

"तू मधली," तो म्हणाला. "मागची कुठंय?"

त्याने आपले हात सोडवून घेतले आणि पुन्हा कामाला लागला.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना काहीतरी मागतात. मला जपून ठेवा असं मी मागणार नाही. मला जपण्यात आता काही अर्थ नाही. मी दुसरंच मागतो. तुमच्या घरात किंवा शेजारी दोन म्हातारी माणसं असतील. एक वाट चुकलेलं, आणि दुसरं त्याला धरून असलेलं. सगळे त्या पहिल्याची चौकशी करतात. दुसऱ्याचं कौतुक करतात आणि आपापल्या कामाला जातात. तुम्ही त्या दुसऱ्याजवळ जाऊन बसा. विचारा, तुला कुठे दुखतंय. उत्तर येईल, मी ठीक आहे.

त्या उत्तरावर उठून जाऊ नका.